‘दरवर्षी अक्षरांत शाई भरावी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमचे निम्मे मुद्दे माझ्याच लेखात असायला हवे होते, आणि उरलेल्या निम्म्यांवर आपलं चांगलं भांडण होऊ शकतं. म्हणून दोन ओळींत न गुंडाळता सविस्तर लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आपत्तीच्या आठवणी पुढच्या पिढीकडे पोचवल्या तर जीव वाचतात, असं मी लिहिलं होतं आणि दोन उदाहरणं दिली होती. एक इंडोनेशियातल्या सिमलुए बेटाचं. १९०७ साली तिथे त्सुनामीने हाहाकार केला, आणि तेव्हापासून ‘स्मोंग’ हा एक शब्द बेटावर अंगाईगीतांतून, गोष्टींतून फिरत राहिला. २६ डिसेंबर २००४ ला जमीन हादरली तशी माणसं ‘स्मोंग, स्मोंग’ ओरडत डोंगरावर चढली. सुमारे ७८,००० वस्तीच्या बेटावर सात माणसं गेली. दुसरं उदाहरण जपानमधल्या आनेयोशी या वाडीचं. १९३३ च्या त्सुनामीनंतर तिथे एक दगड उभा केला, त्यावर कोरलंय की याच्या खाली घर बांधू नका. २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली.

त्यावर तुम्ही, पूर्वसूचनेच्या कामात बरीच वर्षं काढलेला माणूस म्हणून, लिहिलंत: “आजीच्या गोष्टींनी लाट अडत नाही. २००४ साली माणसं गेली ती विसरल्यामुळे नव्हे, समुद्रात यंत्रं नव्हती म्हणून. वाचलेल्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत येतात. गोष्ट माहीत असूनही जे बुडाले त्यांची गोष्ट कोण सांगणार? आठवण चुकीचा धडाही देते. आणि घरची माणसं गमावलेल्यांना तेच तेच पुन्हा सांगायला लावणं क्रूरपणाचं आहे.”

चुकीच्या धड्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं म्हणणं मला सगळ्यात जास्त टोचलं. तुम्ही उदाहरण दिलं नाहीत, मीच देतो. २५ ऑक्टोबर २०१० च्या रात्री सुमात्राच्या पश्चिमेला मेंतावाई बेटांजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तीव्रता मोठी, पण हादरा मंद, लांबत जाणारा, झोपाळ्यासारखा. तीनच वर्षांपूर्वी, २००७ च्या सप्टेंबरात, त्याच भागात दणदणीत धक्के बसले होते आणि मोठी लाट आली नव्हती. ती आठवण ताजी होती. एवढ्या जोरात हललं तेव्हा काही झालं नाही, आता तर हलकंच हललंय, असं म्हणून पुष्कळ लोक घरातच राहिले. चारशेहून अधिक माणसं गेली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. इथे दूध एकदा कोमट निघालं, म्हणून पुढच्या वेळी फुंकर घालायचीच राहून गेली.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. १५ जून १८९६ ला जपानच्या सानरिकु किनाऱ्यावर अगदी असाच मंद हादरा बसला होता. कुणी फारसं घाबरलं नाही. साधारण अर्ध्या तासाने लाट आली आणि सुमारे २२,००० माणसं घेऊन गेली. म्हणजे ‘हलका पण लांबलेला धक्काही लाट आणतो’ ही आठवण जगात होती, शंभर वर्षांहून जुनी होती, फक्त ती मेंतावाईच्या किनाऱ्यावर नव्हती. तिथल्या लोकांकडे होता तो स्वतःचा, एकाच पिढीचा अनुभव. एका माणसाच्या आयुष्यात मोठे भूकंप किती येणार? एक, फार तर दोन. तेवढ्यावरून निसर्गाचा स्वभाव ओळखणं म्हणजे एका पानावरून पोथी वाचल्यासारखं आहे. मला वारसा म्हणून हवी आहे ती आठवण स्वतःच्या अनुभवाला टोकणारी. ‘तू पाहिलंस ते सगळं नव्हे’ एवढं सांगणारी. हे मूळ लेखात मी धड मांडलं नव्हतं, तिथे नुसता दगडाचा कौतुकसोहळा झाला.

आता यंत्रांकडे येऊ. इथे मी तुम्हाला अर्धाच गुण देणार. २००४ साली हिंदी महासागरात त्सुनामीची सूचना देणारी व्यवस्था नव्हती हे खरं. श्रीलंकेच्या आणि भारताच्या पूर्व किनाऱ्यावर लाट पोचायला दोन तासांच्या आसपास वेळ लागला. त्या दोन तासांत एक फोन, एक भोंगा, काहीही पोचलं असतं तरी हजारो जीव वाचले असते. तिथे दोष यंत्रं नसण्याचाच होता, वाद नाही. पण सिमलुएच्या काही किनाऱ्यांवर लाट दहा मिनिटांच्या आत होती. मोजमाप होणार, मग आकडेमोड, मग संदेश निघणार, तो राजधानीतून जिल्ह्यात, जिल्ह्यातून गावात येणार, भोंगा वाजणार. तोवर पाणी दारात. जवळच्या किनाऱ्यावर पायाखालची जमीन हीच सूचना असते, आणि ती वाचायला शिकवलेलं असावं लागतं.

आणि यंत्रं असली म्हणजे काम झालं, असं तुम्हालाही वाटत नसणार. हवाई बेटांवरच्या हिलो शहराची गोष्ट तुम्हाला नक्की ठाऊक असेल. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीत हवाईत १५९ माणसं गेली, त्यावरूनच पॅसिफिकमधली सूचना देणारी यंत्रणा उभी राहिली. १९६० च्या मे महिन्यात चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. यंत्रणेने काम चोख केलं. हिलोत रात्री साडेआठच्या सुमारास भोंगे वाजले. मोठी लाट आली मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास. साडेचार तास हातात होते आणि तरी ६१ माणसं गेली. काही लोक घरातून हललेच नाहीत, काही चक्क लाट बघायला किनाऱ्यावर गेले. मधल्या वर्षांत भोंगे वाजले होते तेव्हा लाटा किरकोळ आल्या होत्या. शिवाय भोंग्याचा नेमका अर्थ काय, निघायचं की तयारीत राहायचं, याबद्दलच गोंधळ होता. १९४६ ला फक्त चौदा वर्षं झाली होती. आठवणही होती, यंत्रही होतं, आणि दोन्हींनी मिळून माणसाला दारातून बाहेर काढलं नाही. तिथलं एक मोठं घड्याळ एक वाजून चार मिनिटांवर बंद पडलं. नंतर ते पुन्हा उभं केलं, पण काटे तिथेच ठेवले आहेत.

आर्मेरो गावाचं तर बोलायलाच नको. कोलंबियातल्या नेवादो देल रुईस ज्वालामुखीचा चिखल १५९५ साली आणि पुन्हा १८४५ साली त्याच खोऱ्यातून वाहत आला होता. १८४५ चा चिखल जिथे पसरून वाळला, त्यावरच पन्नास वर्षांनी गाव वसलं. १९८५ च्या ऑक्टोबरात शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा काढला, त्यात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात दाखवलं होतं. १३ नोव्हेंबरच्या रात्री चिखल आला. सुमारे २३,००० माणसं गेली. इतिहास कागदावर, नकाशा कागदावर आणि गाव झोपेत.

तर ‘आठवण की यंत्र’ अशी कुस्ती लावण्यात अर्थ नाही. यंत्र सांगतं कधी पळायचं. सांगितल्यावर माणूस खरंच उठतो की पांघरूण डोक्यावर ओढतो, हे त्याने आधी काय ऐकलंय आणि कितीदा ऐकलंय यावर ठरतं. बांगलादेशच्या किनाऱ्यावर हे दिसतं. १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. १९९१ मध्ये सुमारे १,३८,०००. २००७ च्या ‘सिद्र’मध्ये साधारण ३,४००. वादळाची ताकद, भरतीची वेळ, वादळ कुठे आदळलं, हे प्रत्येक वेळी वेगळं असल्यामुळे आकडे शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करता येत नाही. तरी एवढी घसरण नुसत्या उपग्रहाने होत नाही. पक्के निवारे बांधले गेले आणि भोंगा हातात घेऊन दारोदार फिरणारे स्वयंसेवक गावागावांत तयार झाले. दारात आलेला माणूस ओळखीचा असतो. सत्तर साली किंवा एक्क्याण्णव साली त्याच्याही घरचं कुणीतरी गेलेलं असतं. ‘चला’ म्हणताना त्याच्या आवाजात जे असतं ते रेडिओच्या आवाजात येत नाही.

वाचलेल्यांच्याच गोष्टी उरतात, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. सिमलुएबद्दल एक गोष्ट मी लिहायला विसरलो होतो: तिथे डोंगर किनाऱ्याला लागून आहेत. ‘डोंगरावर पळा’ हे गाणं सपाट किनाऱ्यावर कितीही सुरेल गायलं तरी चढायला जागाच नाही. तिथे निवारे बांधावे लागतात, आणि तो खर्च कुठलीही अंगाई करत नाही. आनेयोशीचंही पूर्ण सांगायला हवं होतं. दगडामुळे वाडीतली घरं वाचली. पण त्या वाडीतली एक आई हादरा बसताच मुलांना शाळेतून आणायला गेली, आणि परतताना सखल भागात चौघंही वाहून गेली. दगडाने घर कुठे बांधायचं ते सांगितलं होतं. घराबाहेर असताना काय करायचं, यावर तो मुका होता.

आता एक पुरावा तुमच्या बाजूने. २०१९ साली चेक देशातल्या संशोधकांनी व्ल्तावा नदीच्या खोऱ्यातल्या सुमारे ९०० वर्षांतल्या वस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठा पूर आला की नव्या वस्त्या नदीपासून उंचावर होत. पूर पाहिलेली माणसं जिवंत असेपर्यंत हे टिके. साधारण एका पिढीनंतर माणसं पुन्हा खाली उतरत. पुराच्या नोंदी लिहून ठेवलेल्या असायच्या, त्याने काही फरक पडत नसे. मी लेखात ‘लिहून ठेवा, कोरून ठेवा’ असा जो सूर लावला होता, त्याचं हे बारसंच आहे की बारावं, तुम्हीच ठरवा.

पण मग मला ओसाकाचा दगड आठवला आणि खरं तर या उत्तराचा सगळा उद्देश तो सांगण्याचाच आहे.

ओसाका शहरात किझु नदीच्या काठी, तायशो पुलाशेजारी एक दगड आहे, १८५५ सालचा. आदल्या वर्षीच्या भूकंपात माणसं हादऱ्याला घाबरून नदीतल्या होड्यांत जाऊन बसली. पाण्यावर असलं की जमीन हलो न हलो, असा हिशेब. मग समुद्राकडून लाट आली, मोठी जहाजं नदीत वर ढकलली गेली, त्याखाली पूल मोडले, होड्या चेपल्या, माणसं मेली. हे सांगून दगड पुढे एक कबुली देतो. १७०७ च्या भूकंपातही लोक असेच होड्यांत बसले होते आणि असेच मेले होते. मधल्या काळात ते सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून पुन्हा तेच झालं. आणि मजकुराच्या शेवटी एक विनंती आहे: ज्याला काळजी असेल त्याने दरवर्षी या अक्षरांत शाई भरावी, म्हणजे ती वाचता येतील.

कोरलेली अक्षरं, दगडातली, तरी कोरणाऱ्याचा त्यांच्यावर भरवसा नाही. दगड विसरतो, हे त्याने दगडावरच लिहून ठेवलंय. तिथली माणसं आजही दरवर्षी शाई भरतात.

व्ल्तावाकाठच्या नोंदींत आणि या दगडात मला हाच फरक दिसतो. नोंद करून माणूस मोकळा होतो. शाई भरायची तर दर वर्षी कुणीतरी ब्रश घेऊन गुडघ्यावर बसावं लागतं, प्रत्येक अक्षरावरून हात फिरवावा लागतो. शेजारी उभं असलेलं पोर विचारतं, हे काय लिहिलंय? मेक्सिको शहरात हेच काम सराव करतो. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाची आठवण म्हणून तिथे त्या तारखेला सगळं शहर इमारतींबाहेर पडण्याचा सराव करतं. २०१७ साली सकाळी अकराला सराव झाला आणि सव्वा वाजता खरोखरचा भूकंप आला. ३७० च्या आसपास माणसं गेली, पण निघायचं कुठून हे लाखो लोकांच्या पायांना दोनच तासांपूर्वी उजळणी होऊन माहीत होतं.

थांबा, तुम्ही म्हणाल, सरावही फसतो. फसतो, आणि त्याची सगळ्यात वाईट गोष्ट आणि सगळ्यात चांगली गोष्ट एकाच गावातली आहे. जपानमधल्या कामाइशी शहराच्या उनोसुमाई भागात आपत्ती निवारणाचं एक केंद्र होतं. त्सुनामीत आसरा घेण्यासाठी ते ठरवलेलंच नव्हतं. पण खरी जागा उंचावर, लांब; म्हणून म्हातारी माणसं यावीत, उपस्थिती वाढावी या सोयीसाठी सराव त्या केंद्रात व्हायचे. ११ मार्च २०११ ला माणसं सवयीने तिथेच गेली. दीडशेहून अधिक माणसं त्या इमारतीत मरण पावली असावीत, असा अंदाज आहे. वर्षानुवर्षं शाई भरली, पण चुकीच्या अक्षरात.

त्याच भागातल्या दोन शाळांची मुलं मात्र वाचली. त्यांच्या शाळा नकाशावर धोक्याच्या पट्ट्याबाहेर होत्या. जवळच्या मोजमापांवरून पहिल्या काही मिनिटांत दिलेली सूचना त्या प्रांतासाठी तीन मीटर लाटेची होती, खरी लाट कितीतरी पटींनी मोठी निघाली, आणि सुधारित सूचना वीज गेल्याने अनेकांच्या कानांवर पडलीच नाही. मोठी मुलं थांबली नाहीत. त्यांना पळताना बघून प्राथमिक शाळेची मुलं तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली आणि मागोमाग धावली. ठरलेल्या जागी पोचल्यावर कुणाला तरी तिथला कडा ढासळतोय असं दिसलं, मग आणखी वर, मग तिथूनही वर. या मुलांना जुन्या त्सुनामींच्या गोष्टी सांगितल्या होत्याच, पण त्यासोबत एक गोष्ट आवर्जून शिकवली होती: नकाशावर विश्वास ठेवू नका, ठरलेल्या जागेवरही नाही. सानरिकुकडे जुना शब्द आहे, ‘तेंदेन्को’. ज्याने त्याने आपापलं पळायचं, कुणाची वाट पाहायची नाही. ऐकायला निष्ठुर वाटतो. पण आनेयोशीच्या त्या आईला तिची मुलं आधीच डोंगरावर असतील अशी खात्री असती तर ती खाली उतरली असती का?

म्हणून आता माझं म्हणणं मूळ लेखाहून वेगळं आहे, आणि ते तुमच्यामुळे. पुढे द्यायची ती आठवण लहान असावी, एका दमात सांगता येईल अशी. ती हुकूम असावी, वर्णन नव्हे. आणि तिच्या पोटातच तिची मर्यादाही असावी: ‘त्या वेळी पाणी इथवर आलं होतं, पुढच्या वेळी याहून वर येईल.’ हे शेवटचं वाक्य बहुतेक पूररेषांवर नसतं.

जाता जाता एक कबुली. या विषयावर आपण बोलतो तेव्हा नेहमी लाटा, भूकंप, पूर यांबद्दलच बोलतो, मीही तेच केलं. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने सुमारे ७०,००० माणसं गेली असं मानतात. भिंत पडली नाही, पाण्याची खूण राहिली नाही, दगड कुठे उभा करणार? अशा आपत्तीची आठवण कशी द्यायची हे मला अजून सुचलेलं नाही.

राहिला दुःखाचा प्रश्न. तुम्ही ‘क्रूरपणा’ हा शब्द वापरलात, तो मी खोडून काढणार नाही. जपानमधल्याच ओकावा इथल्या प्राथमिक शाळेत १०८ मुलांपैकी ७४ मुलं २०११ च्या लाटेत गेली. मागे टेकडी होती, आणि मुलं पन्नास मिनिटांच्या आसपास मैदानातच होती. शाळेचा सांगाडा पाडायचा की ठेवायचा यावर पुढे अनेक वर्षं वाद चालला. काहींना तो डोळ्यांसमोर नको होता, आणि त्यांचं बरोबर होतं. तिथून शिकून गेलेल्या काही मुलांनी तो ठेवा म्हणून सांगितलं, त्यांचंही बरोबर होतं. २०१६ साली ठेवायचं ठरलं. काही पालक आज येणाऱ्यांना तिथे स्वतः सगळं सांगतात, काही तिकडे फिरकत नाहीत. दोघांनाही तसं करता यायला हवं. सांगण्याची सक्ती ज्याच्यावर घाव आहे त्याच्यावर नको. कोबेमध्ये १९९५ च्या भूकंपाच्या आठवणी आता त्यानंतर जन्मलेली तरुण मुलंही सांगतात. त्यांनी काही गमावलेलं नाही, म्हणून न थरथरता सांगू शकतात, आणि विचारून, पडताळून सांगतात. शाई भरणाऱ्याने दगड कोरलेला असायलाच हवा असं नाही.

आमच्या घरातही पुराची एक गोष्ट होती. आजी सांगायची: रात्रभर ट्रंकेवर बसून काढली, शेजारच्यांची कोंबडी खिडकीतून आत आली, सकाळी सगळ्यांना हसू फुटलं. आम्ही पोरं कोंबडीचा भाग परत परत सांगायला लावायचो. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, किती वाजता चढायला लागलं, कुठल्या बाजूने शिरलं, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. कोंबडी मात्र अगदी स्पष्ट आठवते.

मूळ लेखातलं ‘गोष्टी जीव वाचवतात’ हे वाक्य मी आज काढून टाकलं आहे. मेंतावाई आणि उनोसुमाईचं केंद्र दोन्ही तिथे घातली आहेत. आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ आहे: “आम्ही सूचना वेळेवर दिली होती, लोक निघाले नाहीत.” एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात. ते कुठे झालं, लोक त्या वेळी काय म्हणाले, आधीच्या कुठल्या अनुभवाचा दाखला देऊन थांबले, हे सगळं तुमच्याकडे आहे. ते लिहा. जमलं तर पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं तेही.